उजवीकडची फुली

१

भिंगरी पडली तेव्हा टाकेमावशीच्या तोंडात तीन टाचण्या होत्या, म्हणून तिला ओरडता आलं नाही.

वर्षअखेरच्या सुट्टीत नाचाच्या वर्गाचा कार्यक्रम व्हायचा. उद्या तो होता, आणि आज सकाळी त्याची रंगीत तालीम चालली होती. शेवटचा नाच दोघींचाच: वर्ग चालवणाऱ्या बाई आणि त्यांची सगळ्यात गुणी शिष्या भिंगरी. एक इकडच्या पडद्यामागून धावत यायची, एक तिकडच्या. दोघी एकाच वेळी उडी घ्यायच्या आणि आपापल्या फुलीवर उतरायच्या. फुली म्हणजे रंगमंचाच्या फळ्यांवर चिकटवलेली पांढऱ्या पट्टीची खूण. बाई आपल्या फुलीवर उतरल्या आणि हात पसरून उभ्या राहिल्या. भिंगरी तिच्या फुलीवर उतरली आणि पाय खालून कुणीतरी ओढून घ्यावा तसा निघून गेला.

आवाज झाला. टाकेमावशीने चाळीस वर्षं नाचाचे पोशाख शिवले होते, कापड फाटल्याचे सगळे आवाज तिला पाठ होते. हा कापडाचा नव्हता.

तिसऱ्या रांगेत भिंगरीची आजी बसली होती. एकतीस वर्षं वर्गाला पियानो वाजवणारी म्हणून सगळे तिला पियानोताई म्हणायचे. ती ताडकन उठली. तिने आधी बाईंकडे पाहिलं, मग भिंगरीकडे, आणि मग तिच्या तोंडून जे निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही.

पोरीला उचलून गाडीत घातलं. घोटा सुजून टम्म झाला होता. सोळा वर्षांची पोर, रडत नव्हती, फक्त विचारत होती, "बाई, परवाचं काय? परवा त्या लोकांसमोर नाचायचंय ना मला?" मोठ्या नृत्यशाळेचे परीक्षक परवा तिला बघणार होते. वर्षातून एकदाच बघायचे ते.

गाडी गेल्यावर बाई रंगमंचावर परत आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्या फुलीशेजारी बोट घासलं. बोट नाकाशी नेलं.

"मेण आहे," त्या म्हणाल्या. "इथं कुणीतरी मेण लावलंय."

सगळ्या माना एकदम वळल्या. पडद्याच्या दोरीपाशी पोछा हातात धरून किल्लीकाका उभा होता. इमारतीची झाडलोट त्याच्याकडे, किल्ल्याही त्याच्याकडे. आणि तो टाकेमावशीचा सख्खा थोरला भाऊ होता.

२

चौकशी चिटणीसबाईंनी केली. समितीच्या त्या चिटणीस, आणि आवाज असा की माणसाला न केलेलंही आठवावं.

"बाहेरच्या वऱ्हांड्याला दर आठवड्याला पॉलिश कोण लावतं?"

"मी," किल्लीकाका म्हणाला.

"सभागृह काल संध्याकाळी पाचपर्यंत दुसऱ्यांकडे होतं. मग तुम्ही आणि बाई आत गेलात, बाईंनी फुल्या चिकटवल्या, तुम्ही कुलूप लावलंत. बरोबर?"

"बरोबर."

"त्यानंतर किल्ली कुणाला दिली?"

तो पोछ्याच्या दांड्याकडे बघत राहिला. "कुणाला नाही."

"म्हणजे तुमच्याशिवाय आत कुणी गेलंच नाही. सकाळी फळ्या तुम्हीच पुसल्यात. पॉलिशचं फडकं घेऊन पुसल्यात, आणखी काय!"

"लागलं असेल फडक्याला."

चिटणीसबाईंनी तिथल्या तिथे कागद काढला. माझ्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, असा चार ओळींचा कबुलीजबाब. पाच वाजता समिती बसणार होती. कामावरून काढायचं, आणि जिन्याखालची खोलीही रिकामी करून घ्यायची. एकोणीस वर्षं तो त्या खोलीत राहत होता. बायको त्याच खोलीत वारली होती.

किल्लीकाकाने पेन घेतलं आणि सही केली. मावशीने टाचण्या तोंडातून काढून पदराला टोचल्या आणि त्याला जिन्याखाली ओढत नेलं.

"दादा, तू फळ्यांना पॉलिश लावलंस?"

"लागलं असेल म्हटलं ना."

"असेल? नळ कोणत्या दिवशी गळायला लागला ते तू तारखेनिशी सांगतोस. आणि हे 'असेल'?"

"वय झालं माझं."

"आणि खोली सोडून जाणार कुठं? माझ्याकडे दोन माणसं आडवी झाली तर तिसऱ्याने उभंच राहायचं, एवढी जागा आहे."

"मी एकटा जीव. कुठंही पडेन." त्याने खाटेवरची चादर उगाच सारखी केली. "तू यात पडू नकोस. तुझं शिवण बघ जा."

तो खोटं बोलत होता. अडुसष्ट वर्षांत त्याला ते धड जमलं नव्हतं, आणि आजही जमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की कुणासाठी?

घड्याळात साडेबारा वाजले होते.

३

रंगमंचावर कुणी नव्हतं. मावशी कमरेला हात देत देत खाली बसली आणि फळीवर आडवी नजर टाकली. थाळीएवढा गोल. उजेडात तेवढाच भाग चमकत होता.

वऱ्हांड्याचं पॉलिश लालसर असतं आणि त्याला असा उग्र वास येतो की जिना चढतानाच डोळे चुरचुरतात. हे पांढरं होतं आणि वास नव्हता. मावशीने नखाने थोडं खरवडलं, बोटांत मळलं. मऊ झालं, चिकटलं नाही.

हे मेण तिच्या ओळखीचं होतं.

पोशाखांच्या खोलीत जाऊन तिने शिवणाचा डबा उघडला. मण्यांचं काम करताना दोरा गुंतू नये म्हणून तो मेणाच्या वडीवरून ओढून घ्यायचा असतो. ओढून ओढून वडीवर खाचा पडतात. तिच्या वडीवर दोन्ही बाजूंना खाचा होत्या, बारा वर्षांच्या. आता एकाच बाजूला होत्या. दुसरी बाजू साबणासारखी गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यात लाकडाचं एक बारीक कुसळ रुतलं होतं.

सकाळी दोरा वडीवरून सुळकन सरकला होता. तेव्हा घाईत तिने लक्ष दिलं नव्हतं.

म्हणजे वडी काल नेली आणि कालच परत ठेवली. रात्री ही खोली मावशी स्वतः बंद करते, सकाळी स्वतः उघडते, आणि आज तालमीपर्यंत ती जागची हलली नव्हती. काल पाचनंतर इथं आलं कोण? बाई आल्या होत्या, झग्याची कंबर आवळून घ्यायला, एकदाच. चिटणीसबाई आल्या होत्या लेकीचा हूक लावून घ्यायला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा, पिना मागायला. पियानोताई आली होती, रोजच्यासारखी चहाला. तीही पुन्हा आली होती, विसरलेला चष्मा न्यायला.

मधे मावशी कप विसळायला नळावर गेली होती. डबा उघडा होता.

वडी न्यायला एकदा आणि ठेवायला एकदा. दोनदा आलेल्या दोघी. त्यातली एक पडलेल्या पोरीची आजी. भिंगरीचे आईबाप गेले तेव्हा पोर दोन वर्षांची होती. तेव्हापासून तिचं न्हाणंधुणं, शाळा, नाच सगळं आजीने एकटीने केलं होतं.

राहिली दुसरी. भिंगरी पडली की तिच्या जागी नाचायला जिला उभं करणार होते, ती शिडी चिटणीसबाईंची लेक होती.

४

"मला विचारतेस?" चिटणीसबाई म्हणाल्या. "तू? मला?"

त्या कार्यालयात खुर्च्यांचे क्रमांक लिहीत होत्या.

"विचारलं नाही. काल पिना नेल्या त्या परत मागायला आले."

"पिना मागायला आलीस आणि मी काल कुठं कुठं गेले ते विचारतेस. बाई गं, मला काय दूधखुळी समजलीस?" त्यांनी पेन आपटलं. "वर्गातल्या सगळ्या आया काय बोलतायत ते मला माहीत आहे. माझ्या मुलीला पुढे आणायला मी त्या पोरीचा पाय मोडला. हो ना? मला भिंगरी आवडत नाही. तोंडावर सांगते. आमची शिडी रात्रंदिवस घाम गाळते आणि ही नुसती गिरकी घेते की सगळे खलास. पण पाय मोडायला मी बसले नाही."

"सभागृहात गेला होतात का काल?"

"किल्ली मागितली असती तर तुझ्या भावाने वहीत सही घेतली असती माझी. प्रत्येक वेळी घेतो. माझी तर दोनदा घेतो."

हे खरं होतं. दादा चिटणीसबाईंना वचकून होता, पण त्यांच्यासाठी खोटं बोलून आपली खोली घालवील असा नव्हता. त्यांनी किल्ली नेली असती तर पहिल्या प्रश्नाला त्याने वही पुढे केली असती.

मावशी दाराशी गेली तेव्हा मागून आवाज आला, "वर नाचाच्या खोलीत जाऊन बघ एकदा. जिच्यासाठी मी एवढं केलं म्हणतात, ती मघापासून तीनदा ओकलीय."

५

वर जाण्याआधी मावशी बाईंकडे गेली. बाई रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या पावलाला पट्टी गुंडाळत होत्या. पंचावन्नची बाई, पण मान अजून ताठ.

"तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या भिंगरीचा पाय गेला. सहा महिने तरी. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही त्या शाळेत."

"बाई, ते पॉलिश नाही. माझ्या डब्यातलं मेण आहे. मुद्दाम लावलंय."

बाई थांबल्या. "भिंगरीवर कुणाचा राग असणार?"

"नसेलच. तुमच्यावर आहे का कुणाचा?"

"माझ्यावर?" त्या हसल्या, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "यादी करू का?"

"दोन्ही फुल्या सारख्याच ना?"

"एकाच पट्टीच्या. कुठली कुणाची ते आम्हा दोघींना पाठ आहे, लिहायचं कशाला? वरच्या खोलीत तीन महिने तेच तर केलं. मी माझ्या उजव्या अंगाला, भिंगरी डाव्या. डोळे बांधले तरी उतरू."

"आणि वाजवायला पियानोताई."

बाईंचा चेहरा बदलला. "तालमीला. कार्यक्रमात नाही. शेवटच्या नाचाला मी ध्वनिमुद्रित संगीत घेतलंय. त्यांचे हात मागे पडतात आता. उडी झालेली असते आणि सूर नंतर येतो."

"हे तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"सांगायलाच हवं होतं."

"कुठं सांगितलंत?"

बाईंनी पट्टीचं टोक दाबून बसवलं. "वर्गात. मुलींसमोर. मला राग आला होता. चार वेळा तीच चूक झाली. मी म्हटलं, ताई, आता पुरे, सुट्टीनंतर हा पियानोही हलवू, तेवढीच चार मुलींना उभं राहायला जागा होईल." मग जरा वेळाने, "हसल्या काही मुली. भिंगरीही हसली. लहान आहेत."

मावशी पट्टीचं उरलेलं भेंडोळं गुंडाळू लागली.

"पण ताईंचं मन मोठं आहे," बाई घाईने म्हणाल्या. "त्या काय करणार? त्यांना तर खाली सभागृहात आलं की बाजूसुद्धा कळत नाहीत. दर वर्षी पहिल्या तालमीला ताई इकडच्या पडद्याला इशारा करतात आणि मुलगी तिकडून येते. सगळे पोट धरून हसतात. दुसऱ्या तालमीपासून नीट जमतं त्यांना. या वर्षी बिचाऱ्यांना खाली एकही तालीम मिळाली नाही."

मावशी उठली. तिचे गुडघे वाजले. तिला वर जायचं नव्हतं, आणि ती वर गेली.

६

नाचाच्या खोलीत शिडी एकटीच आरशासमोर उभी होती. उंच, हाडकुळी, डोळे लाल.

"मावशी, मला नाही जमणार हो. तुम्ही सांगा ना आईला. तुमचं ऐकतात सगळे."

"माझं कोण ऐकतंय! ये, एक काम कर माझं."

समोरची सगळी भिंत आरशाची होती. त्या आरशालाच टेकून पियानो ठेवला होता. खोली लहान, दुसरीकडे जागाच नव्हती. त्यामुळे वाजवणारीची पाठ नाचणाऱ्यांकडे असायची. आरशाखालच्या बाकावर आया बसत आणि मुलींना समोरून बघत, कार्यक्रमाला बघतात तसंच. पियानोताई मात्र एकतीस वर्षं मुलींना आरशातच बघत आली होती.

याच पियानोपाशी, याच तिवईवर बसवून तिने मावशीला अक्षरं शिकवली होती. मावशी पन्नाशीची होती. "लाजतेस कशाला? तुझ्या सुईत दोरा एका झटक्यात जातो, अ कसा जाणार नाही डोक्यात?" असं म्हणाली होती ती.

मावशी तिवईवर बसली.

"बाई उतरतात तिथं उभी राहा."

शिडी मागे जाऊन उभी राहिली. मावशीने समोर आरशात पाहिलं. शिडी तिला उजव्या हाताला दिसली.

"आता खाली चल."

सभागृहात मावशी खुर्च्यांपुढे, रंगमंचाकडे तोंड करून उभी राहिली. "आता इथं बाईंच्या जागी उभी राहा बघू."

शिडी वर चढली आणि न बघता आपल्या उजव्या अंगाला गेली. समोर उभ्या असलेल्या मावशीच्या ती डाव्या हाताला होती. उजवीकडे दुसरी फुली होती, आणि तिच्याशेजारी फळी चमकत होती.

"मावशी, काय झालं? बसा ना तुम्ही."

मावशीला बसायचं नव्हतं. तिला पळून जायचं होतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

७

दवाखाना दोन चौक पलीकडे होता. पियानोताई लांबलचक बोळात बाकावर बसली होती, मांडीवर भिंगरीचा नाचाचा एक बूट. दुसरा कापून काढावा लागला होता.

"झोपलीय," ती म्हणाली. "सुई दिली."

मावशी शेजारी बसली.

"ताई, तुम्ही दादाकडे किल्ली कशी मागितली?"

पियानोताईने बूट उलटा केला, सुलटा केला. "म्हटलं, उद्या मला खाली बसायचंय, वाजवायचं नाही. एकदा रिकामं सभागृह बघू दे. त्याने वहीसुद्धा पुढे केली नाही."

"आणि उजवीकडच्या फुलीपाशी बसलात."

"रोज तिथंच तर दिसायची बाई. माझ्या उजव्या हाताला. तीन महिने." आवाज अगदी सपाट होता. "मला तिचा पाय मोडायचा नव्हता गं. नुसती घसरायला हवी होती. सगळ्या मुलींसमोर. एकदा तिच्यावर हसले असते, मग माझं..." ती थांबली. "मी तिसऱ्या रांगेत बसून वाट बघत होते. वाट बघत होते मी, कळतंय का तुला? आणि बाई उभी राहिली, आणि पोर पडली."

"पाच वाजता समिती बसतेय. दादाने सही केलीय. त्याची खोली जाणार."

"माहीत आहे. सकाळी गाडीत बसताना तो माझ्या कानाशी आला. म्हणाला, ताई, तुम्ही तोंड उघडू नका, पोरीकडे बघा."

तिला सकाळपासून ज्या प्रश्नाने पोखरलं होतं त्याचं हे उत्तर होतं, आणि ते तिला नको होतं.

"पाचच्या आत या तुम्ही, ताई. तुमच्या तोंडाने सांगा. मी शेजारी उभी राहीन."

"भिंगरीला कळलं तर?"

"दादाने एकोणीस वर्षं त्या इमारतीचा उंबरा झाडला. तो चोरासारखा बाहेर जाणार?"

पियानोताईने मान वर केली. "मी येते," ती म्हणाली. "ती जागी झाली की तिला पाणी पाजते आणि येते."

८

पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी ती आली नाही.

कार्यालयात पाच खुर्च्या मांडल्या होत्या. दादा भिंतीपाशी उभा होता, धुतलेला सदरा घालून. किल्ल्यांचा जुडगा त्याने आधीच टेबलावर ठेवला होता. चिटणीसबाईंनी कबुलीजबाब वाचायला सुरुवात केली.

"थांबा," मावशी म्हणाली.

"तू गप्प राहा," दादा म्हणाला. एवढ्या मोठ्याने तो तिच्याशी लहानपणीही बोलला नव्हता.

मावशीने वडी टेबलावर ठेवली. मेण पॉलिशचं नाही, माझ्या डब्यातलं आहे, तिने सांगितलं. खाचा दाखवल्या, लाकडाचं कुसळ दाखवलं. काल खोलीत दोनदा कोण आलं ते सांगितलं. चिटणीसबाईंनी तोंड उघडलं, तशी मावशी म्हणाली, "तुम्ही नाही. तुम्ही मुलींना बाकावर बसून समोरून बघता. तुमच्यासाठी दादाने किल्ली लपवली नसती, आणि तुमची बाजू चुकली नसती. हे चुकून झालंय. पाडायचं होतं बाईंना."

बाई ताठ झाल्या.

"बाईंची जागा ज्याला आरशातच ठाऊक आहे, त्याला त्या उजव्या हाताला दिसतात. तोच माणूस खाली सभागृहात येऊन समोर उभा राहिला, तर उजव्या हाताला भिंगरीची फुली येते. आया समोरून बघतात. मुलींना अंगातच पाठ असतं. आरशात बघणारं वर्गात एकच माणूस आहे. आणि दादा किल्ली दिल्याचं लपवील असंही तेच एक माणूस आहे."

नाव तिने घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"स्वतःच्या नातीला?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"मी मुलींसमोर बोलले," बाई म्हणाल्या. "मी मुलींसमोर बोलले त्यांना."

मग चिटणीसबाईंनी कबुलीजबाब उचलला आणि मधोमध फाडला. मावशीने सुटकेने वडी परत उचलली.

"मेण तुम्ही लावलं नाही, हे मान्य," त्या किल्लीकाकाला म्हणाल्या. आवाजात सकाळचा जोर नव्हता, पण शब्द नीट येत होते. "पण किल्ली दिलीत. वहीत न लिहिता. मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात. आणि सकाळी तुम्हाला कळलं होतं की कुणी केलं, तरी समितीपुढे खोटी सही केलीत. उद्या कुणालाही किल्ली द्याल आणि पुन्हा खोटं बोलाल. लहान मुली येतात इथं."

"दिली," दादा म्हणाला. "मी दिली."

हात वर करायला सांगितलं. त्याने राहावं म्हणून बाईंचा हात वर झाला, आणि आणखी एकीचा. दोन. त्याने जावं म्हणून तीन. खोली कार्यक्रमानंतर रिकामी करायची ठरली.

मावशी त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

९

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगमंचावर ती दोघंच होती. मेण पुसून जात नाही, ते उष्णतेने काढावं लागतं. दादा फळीवर जुना कागद धरायचा, मावशी त्यावरून गरम इस्त्री फिरवायची, कागद तेलकट व्हायचा, की दुसरा. संध्याकाळी शिडी तिथं उतरणार होती. आईने ओकण्यावरची गोळी आणली होती.

दवाखान्यातली हकीकत शिडीनेच सकाळी सांगितली. बाई काल रात्री भिंगरीकडे गेल्या होत्या, माफी मागायला. माफी कशाची, हे पोरीने विचारलं, आणि सांगता सांगता सगळंच सांगून झालं. भिंगरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. आजीला आत येऊ देऊ नका म्हणाली. पियानोताई अजून त्याच बोळात बसली होती.

"आणि मावशी, तुम्ही डबा घेऊन भेटायला जाणार होता ना," शिडी चाचरत म्हणाली होती. "तिने सांगितलंय, टाकेमावशीलाही नको."

मावशीने इस्त्री उभी केली. "दादा, माझ्याकडे ये. कोपऱ्यात खाट बसेल. मी मापलंय."

"बघू."

"मी गप्प बसले असते तर तुझी खोली गेलीच असती ना? मग मी काय वाईट केलं?"

"काही नाही."

"मग बोल तरी नीट माझ्याशी."

दादाने तेलकट कागद घडी करून बाजूला ठेवला. त्याच्यावर दुसरा ठेवला.

"काल सही केली तेव्हा माझी खोली गेली होती," तो म्हणाला. "पण पोरीला आजी होती. ताईला पोर होती. तुला मैत्रीण होती. एका खोलीत एवढं सगळं बसलं होतं." त्याने फळीवरून तळवा फिरवून पाहिला. आता कुठंही घसरत नव्हतं. "तू खरं शोधून काढलंस. हुशार आहेस, लहानपणापासून. आता ते ठेवायचं कुठं, तेवढं सांग. माझ्याकडे जागा नाही."

बाहेर लोक जमायला लागले होते, कुणीतरी दार ठोठावत होतं. संध्याकाळपर्यंत किल्ल्या त्याच्याकडेच होत्या. तो गुडघ्यांवर हात देऊन उठला आणि उघडायला गेला.